इंजिन पूर्ण फिरतंय, तरी बोट उचलत नाही: चार वर्षांत तीन पंखे झाल्यावर सापडलेलं उत्तर

दसऱ्याच्या आसपास आमच्या बोटीवरची पावसाळ्यातली चुडतं (झावळ्या) निघतात आणि महिन्याभरात तोच आजार परत येतो. मी आणि मुलगा दोघंच असलो तर बोट कशीबशी उचलते. घरचे पाचजण बसले की नाळ आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, इंजिन बोंबलतंय, पेट्रोलची टाकी डोळ्यांदेखत उतरतेय आणि वेग मात्र वल्हवणाऱ्या होडीपेक्षा जरासा बरा. ‘उचलणं’ म्हणजे बोटीनं पाणी कापत जायचं सोडून पाण्यावर चढून घसरत जाणं. जिला ते जमत नाही ती फायबरची बोट म्हणजे महागडा नांगर.

बोट सतरा फुटी, १९९६ सालची, गोव्यातून सेकंडहँड घेतलेली. मागे ७५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीबाहेर टांगायचं इंजिन), तेही जुनंच. ठेवतो देवबागच्या बाजूला, कर्लीच्या खाडीत. वापर म्हणजे रविवारी गरी घेऊन जाणं, पाहुणे आले की नदी-समुद्राच्या संगमापर्यंत फेरी. शर्यत वगैरे काही नाही. तरी चार वर्षांत तीन पंखे झाले. (आमच्याकडे प्रोपेलर कोणी म्हणत नाही. पंखा, नाहीतर मालवणीत पंखो.) एवढे पैसे घालून आजार तसाच राहिला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. जुनी बोट घेणाऱ्या पुष्कळांचं हेच होतं, असं आता लक्षात येतंय.

आधी माझ्या चुका क्रमाने. बोटीबरोबर आलेला पंखा साडेतेरा बाय १५ होता, म्हणजे व्यास साडेतेरा इंच आणि पिच १५ इंच (पिच म्हणजे काय ते पुढे येतंच). त्यावर टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा मीटर) ५६००च्या पुढे जायचा. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० ही मर्यादा दिलीय. म्हणजे इंजिन जास्त फिरतंय, पंखा हलका पडतोय, असा अर्थ मी लावला आणि पार्ट विकणाऱ्यानेही तसंच सांगितलं. सव्वातेरा बाय १७ घेतला. काटा ५३००ला येऊन थांबला. अगदी पुस्तिकेत बसणारा आकडा! मी खूश, फक्त बोट पहिल्यापेक्षा वाईट चालायला लागली. मग कोणीतरी म्हणालं, पंख्यातलं रबर सुटलं असणार, इंजिन फिरतं पण पंखा मागे राहतो. पुन्हा १७चाच दुसरा नवा घेतला. काडीचाही फरक नाही.

शेवटी मालवणातल्या एका जुन्या मेस्त्रींना गाठलं. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं करण्यात त्यांचा जन्म गेलाय. मी पंख्याची सगळी कथा ऐकवली. ते विडी विझवून म्हणाले, “पंखो रवांदे. आधी सांग, ह्यो मीटर खरा बोलता म्हणान तुका कोणी सांगल्यान?”

मीटर खोटं बोलत होता

आउटबोर्डचा टॅकोमीटर इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही. फ्लायव्हीलखाली चार्जिंगची कॉइल असते, तिच्याकडून येणारे विजेचे ठोके तो मोजतो. कॉइलला १२ पोल असतील तर एका फेऱ्याला ६ ठोके येतात. आता मीटर बनवणाऱ्याला कुठे ठाऊक की तुम्ही तो कुठल्या इंजिनाला जोडणार? म्हणून मीटरच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची एक खाच असते आणि बाजूला ४, ५, ६ असे आकडे. आमच्या मीटरची पाठ उघडली तेव्हा वर हिरवट गंज चढला होता आणि खाच होती ५वर. इंजिन ६चं. कधीतरी मीटर बदलताना आधीच्या मालकाने जशीच्या तशी ठेवली असणार.

याचा परिणाम मांडून पाहा. इंजिन खरं ४४०० फिरतंय, दर फेऱ्याला ६ ठोके देतंय, आणि मीटर त्यांना ५ने भागतोय. काट्यावर दिसतात ५२८०. म्हणजे ज्या आकड्यावर मी खूश होतो तो मुळात आजाराचाच आकडा होता. १५च्या पंख्यावर दिसणारे ५६०० हे प्रत्यक्षात ४७०० होते. इंजिन तेव्हाही दमलेलंच होतं आणि मी त्याच्या पाठीवर आणखी एक पोतं टाकलं.

पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन आपल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ पोचत नसेल तर ते कशेडी घाट चौथ्या गिअरमध्ये चढण्यासारखं आहे. आवाज भारदस्त येतो, गाडीही चालते, पण आत पिस्टनवर दाब आणि उष्णता दोन्ही साचतात. कार्बन धरतो, रिंगा चिकटतात, ठोकणी लागते आणि एके दिवशी पिस्टनला भोक. जुन्या टू-स्ट्रोकना मारणाऱ्या गोष्टींमध्ये मोठ्या पिचचा पंखा बराच वरच्या नंबरावर आहे. तो हळूहळू मारतो, त्यामुळे दोष तेलावर जातो, पेट्रोलवर जातो, मेस्त्रीवर जातो.

मीटर तपासायचे दोन मार्ग. एक, प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं डिजिटल मीटर मिळतं, काही शे रुपयांत. टू-स्ट्रोकमध्ये एका फेऱ्याला एक ठिणगी पडते, तेवढी सेटिंग त्यात नीट करा, नाहीतर तेही खोटं बोलेल. दुसरा मार्ग फुकटातला आहे आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यासाठी मोबाइलचं जीपीएस आणि कागद पुरतो.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, न घसरता, किती इंच पुढे जाईल तो आकडा. १७चा पंखा एका फेऱ्यात १७ इंच. पण इंजिनाचा फेरा आणि पंख्याचा फेरा एक नव्हे. मध्ये गिअर आहेत. आमच्या इंजिनात ते २ला १ आहेत, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे तेव्हा पंख्याचा एक. हिशोब असा: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गुणिले पिच, भागिले गिअरचा आकडा, भागिले १२१५. उत्तर नॉटमध्ये. ताशी किलोमीटर हवे असतील तर १२१५च्या जागी ६५६ घ्या.

हा झाला कागदावरचा वेग. प्रत्यक्षात पाणी म्हणजे पुळणीवरची सैल वाळू. पाऊल पुढे टाकलं तरी थोडं मागे सरकतंच. कागदावरच्या वेगातून जीपीएसचा वेग वजा जाता जे उरतं ती घसरण. धडधाकट हलक्या फायबर बोटीत ती १० ते १५ टक्के असते, जड बोटीत २०पर्यंत जाते.

माझा हिशोब बघा. मीटर म्हणतो ५२८०, पंखा १७, गिअर २. कागदावर येतात जवळजवळ ३७ नॉट. जीपीएसवर २४. घसरण ३५ टक्के! एवढी घसरण असेल तर बोटीमागे नुसता फेस उसळायला हवा. तसं काही नव्हतं. आता खरे ४४०० घालून बघा: कागदावर ३०.८, घसरण २२ टक्के. जास्तच, पण विश्वास बसण्याजोगी. हा हिशोब मी पहिल्याच वर्षी केला असता तर दोन पंख्यांचे पैसे वाचले असते. दहावीचं गणित आहे, पण बोटीवर बसल्यावर कोणाला गणित सुचतं?

जीपीएसने वेग मोजताना मात्र खाडीतल्या भरती-ओहोटीचं भान ठेवा. सुकतीला संगमाकडे जाताना पाणीच तुम्हाला ढकलत असतं. जाता-येता दोन्हीकडे मोजा आणि सरासरी घ्या. मी भरतीच्या तोंडावर, पाणी थांबलेलं असताना मोजतो.

बोटीच्या पोटात पाणी

मीटर नीट झाला, आता खरा प्रश्न समोर आला: ४४०० का? ७५ हॉर्सपॉवरला सतरा फुटी बोटीवर १७ पिच जड पडतो हे खरं, पण १५वरही ४७००च? मेस्त्री बोटीच्या बुडावर मुठीने ठोकत नाळेकडून मागे गेले. पुढे ठणठण, मागे ठप्प. “होडयेच्या पोटात पाणी आसा.”

जुन्या फायबर बोटींच्या तळफळीखाली फोम भरलेला असतो, बुडू नये म्हणून. वीस-पंचवीस वर्षांत फळीच्या फटीतून, स्क्रूच्या भोकांतून पावसाचं पाणी आत मुरतं. चार महिने झावळ्यांखाली ठेवली तरी आमचा पाऊस कुठून शिरेल सांगता येत नाही. फोम एकदा प्यायला की ते पाणी परत देत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते वजन नेमकं मागे, इंजिनाजवळ साचतं.

आम्ही बोट ट्रेलरसकट चिरे-वाळूचे ट्रक जिथे तोलतात त्या काट्यावर नेली. काट्यावरचा पोरगा हसत होता. भरलं १०१० किलो. बोट, इंजिन, ट्रेलर, बॅटरी, टाकी सगळं धरून माझ्या हिशोबाने ८७०च्या आसपास हवं होतं. तळफळीच्या मागच्या भागात हाताचा पंजा जाईल एवढं गोल भोक पाडलं आणि आतून फोमचा तुकडा उपटला. मुठीत दाबला तर इडलीच्या ओल्या फडक्यासारखं पाणी गळालं, तपकिरी, कुबट वासाचं. तेवढ्या भागातला फोम काढून टाकला, नाळ उंच करून महिनाभर वारं लागू दिलं. पुन्हा काट्यावर ९३०. पूर्ण गेलं नाही, जाणारही नाही. पण ८० किलो म्हणजे एक धष्टपुष्ट पाहुणा कायमचा खाली उतरला. काढलेल्या जागी नवा बंद पेशींचा फोम भरलाय. तसा न भरता बोट वापरू नका. तो फोम तरंगण्यासाठीच आहे.

बुडाचं शेवाळ आणि शिंपल्यासारखे चिकटलेले बार्नॅकलही खरवडले. खाडीत दोन-तीन आठवडे बोट पाण्यात उभी राहिली तरी बूड खवल्यासारखं खरखरीत होतं आणि तेवढ्यानेच शे-दोनशे फेरे सहज जातात. बूड आणि वजन मिळून माझे २०० फेरे परत आले. तोच १७चा पंखा, ४६००.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण आमच्या बाबतीत त्या ठीक निघाल्या. तुमच्यात कदाचित दोष तिथेच असेल. इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे ढकला आणि कव्हर काढून कार्बोरेटरच्या झडपा पूर्ण उघडतात का ते डोळ्यांनी बघा. जुनी केबल ताणली की तुमचा ‘फुल्ल’ हा इंजिनाचा पाऊणच असतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? हसू नका, हे मी स्वतः केलंय. पूर्ण वेगात असताना कोणाला तरी पेट्रोलचा रबरी गोळा दाबायला सांगा. दाबल्यावर फेरे वाढले तर पेट्रोल कमी पोचतंय, पंख्याचा दोष नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, जुन्या रबरी नळ्या आतून सोलपटतात. आणि कॉम्प्रेशन: सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत, एखादा १५ टक्क्यांहून खाली असेल तर आधी त्याच्याकडे बघा. तीनातला एक सिलिंडर अर्धमेला असताना पंखा निवडायचा म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या मापाचे कपडे शिवणं.

रबर सुटलंय का, हे कसं ओळखायचं

पंख्याच्या मधोमध, दांड्याला बसणारी पितळी नळी आणि बाहेरचं अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबर दाबून बसवलेलं असतं. खडकावर पंखा आपटला तर रबर घसरावं, गिअर वाचावेत, म्हणून. वीसेक वर्षांनी ते रबर कडक होऊन सुटतं. मग इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट हलत नाही. थ्रॉटल कमी केला की पुन्हा धरतं. वर सांगितलेला दुसरा १७ मी याच शंकेने घेतला, तपासणी न करता.

तपासणी दोन मिनिटांची आहे. पंख्याच्या मागच्या तोंडाकडे, आतल्या नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत पक्क्या मार्करने किंवा रंगाने एक सरळ रेघ ओढा. बोट चालवा, दोन-तीनदा जोरात थ्रॉटल द्या, परत येऊन बघा. रेघ तुटून सरकलेली असेल तर रबर गेलं. सरळ असेल तर उगाच त्याच्या नावाने खडे फोडू नका. माझी रेघ अजून सरळ आहे, पहिल्या पंख्यावरसुद्धा.

वळताना किंवा लाटेवर फेरे एकदम वर जात असतील तर तो तिसराच प्रकार: पंखा हवा ओढतोय. इंजिन उंच बसलंय किंवा जास्त तिरपं बाहेर काढलंय. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते (मेस्त्री तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात) ती साधारण बोटीच्या बुडाच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी. जुन्या बोटीवर दुसरीकडचं इंजिन बसवलेलं असेल तर इंजिनाच्या उभ्या दांड्याची (शाफ्टची) लांबी मोजाच. १५ इंचाच्या आणि २० इंचाच्या, इंजिन टांगायच्या मागच्या फळ्या दुरून सारख्याच दिसतात.

मग पंखा कुठला?

एवढं सगळं झाल्यावर पंख्याकडे वळलो. आणि खरं सांगायचं तर तिथे फार डोकं लावावं लागलं नाही. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, एक इंच वाढवला की तेवढे घटतात. माझे ४६०० होते, जायचं होतं ५२००-५३००पर्यंत. चार इंच. म्हणजे १३.

पण नवीन घ्यायच्या आधी उसना आणला. हे मी प्रत्येकाला सांगतो. खाडीत डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एका बोटवाल्याकडे माझ्याच इंजिनाचे पंखे होते. त्याच्याकडे सगळे १३चे. का, विचारलं तर म्हणाला, “माका दिवसभर धा माणसां व्हरूची आसतत. माका वेग नको, उचल व्हयी.” पंखा निवडण्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला कुठल्या कॅटलॉगात सापडलं नाही.

एकाच सकाळी, त्याच टाकीत, बोट स्वच्छ असताना माझा जुना १५ (कडा घासून सारख्या केलेला) आणि त्याचा १३ दोन्ही लावून पाहिले. वहीत नोंद अशी आहे:

१५ पिच, दोघेजण: ४९५० फेरे, २५.५ नॉट.
१५ पिच, पाचजण: ४६०० फेरे, २१ नॉट, उचलायला ११ सेकंद.
१३ पिच, दोघेजण: ५३०० फेरे, २४.३ नॉट.
१३ पिच, पाचजण: ५०५० फेरे, २२ नॉट, उचलायला ६ सेकंद.

दोघेच असू तेव्हा १५ एका नॉटने पुढे. पाचजण बसले की तोच मागे पडतो आणि उचलायला जवळजवळ दुप्पट वेळ लावतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे ज्या १७कडून मी वेगाची आशा करत होतो त्याने दोघांना घेऊन २४ नॉटच दिले होते. बूड घाण होतं हे मान्य, तरी मोठ्या पिचने वेग वाढतो ही समजूत इंजिनाला तो पंखा फिरवायची ताकद असेल तोवरच खरी.

मी १३ घेतला. दुसरा कोणी १५ घेईल आणि तो चुकला असं मी म्हणणार नाही. एकटा-दुकटा गरवायला जाणाऱ्याला तो बरा. मात्र चाचणी नेहमीच्या वजनानिशी करा. मोकळ्या बोटीवर नेमका बसलेला पंखा पाहुणे आल्यावर जड होतो. उलट बाजूही आहे: एकटेच असताना, टाकी रिकामी होत आली असताना फेरे मर्यादेच्या वर तर जात नाहीत ना, तेही बघून ठेवा. माझे एकट्याने ५४५० जातात, काठावर पास. आणि ही सगळी चाचणी डिसेंबरच्या गार सकाळी केली असेल तर मे महिन्याच्या दमट दुपारी इंजिन थोडं कमीच फिरेल, तेवढी सूट ठेवा.

व्यासाचं काय, असं बरेचजण विचारतात. बाहेर लावायच्या इंजिनात त्याची फार चिंता करू नका. बनवणारेच पिच कमी करताना व्यास किंचित वाढवतात. माझा १७चा सव्वातेरा होता, १५चा साडेतेरा, १३चा त्याहून जरासा मोठा. चार पात्यांचा पंखा घ्यायचा मोह होत असेल तर तो मागची बाजू चांगली उचलतो, कमी वेगातही बोट वर धरून ठेवतो, पण फेरे थोडे खातो. एक इंच कमी पिच धरून घ्या.

स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा? कोकणात, जुन्या इंजिनाला, माझं मत ठाम अ‍ॅल्युमिनियम. स्टीलचं पातं पातळ असतं, वाकत नाही, वेग थोडा जास्त देतं, सगळं कबूल. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक ज्यांनी ओहोटीला पाहिलेत त्यांना कळेल. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा आपटला तर पातं मोडतं. स्टीलचा आपटला तर तो धक्का आत गिअरपर्यंत जातो, आणि तीस वर्षं जुन्या इंजिनाचे गिअर शोधत फिरणं म्हणजे काय ते फिरलेल्यालाच ठाऊक. फक्त देवबागच्या संगमावर वाळूचे दांडे असतात, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कडा एका हंगामात कानस मारल्यासारख्या झिजतात. ते सहन करा.

जुना पंखा वेल्डिंग करून घेतला असेल तर तीनही पाती सारखी आहेत का ते घरीच बघता येतं. चावी काढा, प्लगच्या वायरी काढा, इंजिनाच्या पायाला एक काठी अशी बांधा की टोक पात्याच्या कडेला जेमतेम टेकेल. मग पंखा हाताने फिरवा. तिन्ही पाती त्याच अंतरावरून गेली पाहिजेत. एक जरी काठीला आपटलं किंवा लांबून गेलं तर तुमच्या पंख्याला एकच पिच नाही, दोन आहेत, थरथर येणारच.

ज्यांचं इंजिन बनणंच बंद झालंय (एव्हिनरूडचं उत्पादन २०२०मध्ये थांबलं), त्यांनी मधली नळी वेगळी बदलता येणारे पंखे शोधावेत. बाहेरचा पंखा तोच, आत आपल्या इंजिनाच्या दातांची नळी बसवायची. मागवण्याआधी दांड्यावरचे दाते मोजा आणि जुन्या पंख्यावर कोरलेला आकडा, त्यापुढच्या अक्षरासकट, लिहून घ्या. फोटोवरून ‘बसेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर मात्र यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे दांडा, व्यास आणि बुडापासूनचं अंतर हा वेगळाच हिशोब असतो.

बसवताना

चावी आणि इंजिन बंद पाडणारी लाल दोरीची क्लिप काढा, प्लगच्या वायरी काढा, मगच पंख्याला हात लावा. नट सोडवताना पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. हाताने पातं धरून पाना ओढाल तर टाके पडतील.

पंखा निघाला की पहिल्यांदा दांड्याच्या मुळाशी बघा. आमच्या तिथे तंगूस (गरीची नायलॉन दोरी) गुंडाळलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला, जवळपास दोन वाव. तो फिरत-फिरत सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल चहासारखं दुधाळ होतं. मी सुदैवी, तेल अजून काळंच होतं. आता दर तीन-चार सफरींनंतर पंखा काढून बघतो. दांड्याला खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा निघणारच नाही. आतला जाड वॉशर काढून ठेवला तिथेच विसरू नका. तो नसेल तर पंखा थेट गिअरच्या खोक्यावर घासतो. नट पुस्तिकेत दिल्याइतका आवळा, आणि कॉटर पिन नेहमी नवी. लहान, फार जुन्या इंजिनांना दाते नसतात, आडवी शिअर पिन असते. ती मोडली म्हणून खिळा ठोकून वेळ मारून नेणारे मी पाहिलेत. पिन मोडण्यासाठीच असते. खिळा मोडत नाही, मग गिअर मोडतो.

उसना पंखा त्या बोटवाल्याला परत केला, बरोबर किलोभर सुरमई. माझे दोन १७ विकायला काढलेत, १०० हॉर्सपॉवरच्या पुढचं इंजिन असलेल्या कोणाला हवे असतील तर दाते जुळतात का बघून सांगा. जुना १५ बाकाखाली डब्यात आहे, पाना, ठोकळा, वॉशर आणि चार कॉटर पिनांसकट. १३ कुठल्या वाळूच्या दांड्यावर फुटला तर घरी यायला तो पुरेल. मीटरच्या पाठीवर खाच ६वर ठेवून त्यावर नखांना लावायच्या पॉलिशचा एक ठिपका दिलाय, पुढच्या मालकासाठी.